औषध मानवले नाही : उप्सालाच्या दफ्तराची हकीकत

आपल्या भाषेत एक वाक्य फार जुने आहे. घरातल्या कुणाला गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, पोट बिघडले अथवा डोळ्यांपुढे अंधारी आली, की घरातली वडीलधारी माणसे म्हणत, ‘‘औषध मानवले नाही.’’ ह्या वाक्यात दोष औषधावरही नाही आणि वैद्यावरही नाही. असलाच तर तो घेणाऱ्याच्या प्रकृतीवर आहे. आयुर्वेदाने सात्म्य-असात्म्याचा जो विचार केला, त्याचेच हे घरगुती रूप म्हणावे लागेल. विचार खोटा नाही. परंतु ह्या वाक्याने गोष्ट त्या घरापुरती संपते, ही त्यातली अडचण. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात तेच औषध आणखी कुणाला मानवले नसेल, तर ते आपल्याला कळावे कसे?

युरोपातील एका लहान देशाने ह्या प्रश्नाचे उत्तर गेली साठ वर्षे शोधले आहे. तो देश स्वीडन. नकाशावर तो लहान दिसत नाही हे खरे. पण १९६० च्या सुमारास तेथील वस्ती पाऊण कोटीच्या आसपास होती आणि आजही ती एक कोटीच्या थोडी पुढे आहे. माणसांच्या हिशेबात तो लहानच. औषधांच्या बाबतीत हा हिशेब मोठ्या महत्त्वाचा ठरतो, तो कसा ते पुढे येईलच.

कथेचा आरंभ दुःखद आहे. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध ‘कॉन्टर्गान’ ह्या नावाने बाजारात आले. ते अतिशय निर्धोक म्हणून विकले गेले. गरोदर स्त्रियांच्या मळमळीवरही दिले गेले. स्वीडनमध्ये आस्त्रा ह्या तेथल्याच नामांकित कंपनीने ते ‘न्यूरोसेडिन’ म्हणून १९५९ पासून विकले. वास्तविक स्वीडन ह्या बाबतीत गाफील देश नव्हता. तयार औषधे विक्रीपूर्वी सरकारदरबारी नोंदवली पाहिजेत, असा नियम तेथे १९३४ मध्येच झाला होता. त्या काळी फार थोड्या देशांत अशी व्यवस्था होती. तरीही थॅलिडोमाइड त्या चाळणीतून सहज पार झाले, कारण गर्भावर औषधाचा काय परिणाम होतो हे तपासण्याची चाळणीच कुणाजवळ नव्हती.

नोव्हेंबर १९६१ मध्ये हांबुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी बालरोगतज्ज्ञांच्या सभेत आपला संशय बोलून दाखवला. हातापायांची वाढ खुंटलेली जी मुले अचानक जन्मास येऊ लागली होती, त्यांच्या मातांनी हे औषध घेतले होते. त्याच महिनाअखेरीस जर्मनीत औषध मागे घेतले गेले, आणि डिसेंबरात स्वीडनमध्येही विक्री थांबली. जगभरात सुमारे दहा हजार मुले ह्या औषधाने बाधित झाली असे मानले जाते. त्यांतील शंभराहून अधिक स्वीडनमधली. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९६२ मध्ये, अमेरिकेतील शेरी फिंकबाइन ही गरोदर स्त्री स्टॉकहोमला आली. तिच्या पतीने इंग्लंडहून आणलेल्या गोळ्यांत थॅलिडोमाइड होते आणि ॲरिझोनात तिला गर्भपाताची परवानगी मिळाली नव्हती. ती स्वीडनने दिली. तिच्या प्रवासाने सारे जग ह्या विषयावर बोलू लागले.

आम्हांस येथे एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी वाटते. लेन्झ यांच्यापाशी कोणतेही नवे यंत्र नव्हते. त्यांनी घरोघर जाऊन मातांना विचारले, उत्तरे लिहून घेतली आणि ती शेजारी शेजारी मांडली, एवढेच. कारकुनी काम. आपल्या ह्या पत्रिकेचे बहुतेक वाचक ज्या घराण्यांतले आहेत, त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील फडावर आणि दफ्तरात लेखणी चालवणारे होते. कागद नीट लावून ठेवण्याची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागली नसती.

स्वीडनने पुढे जे केले ते असेच कागद लावण्याचे काम होते. जन्मजात व्यंगांची नोंद १९६४ पासून होऊ लागली. १९६५ मध्ये औषधांच्या दुष्परिणामांचा विचार करणारी स्वतंत्र समिती नेमली गेली आणि डॉक्टरांकडून तक्त्यावर माहिती मागवली जाऊ लागली. गंभीर अथवा नवखा दुष्परिणाम कळवणे १९७५ पासून डॉक्टरांना बंधनकारक झाले. त्याआधी, १९७३ पासून, प्रत्येक बाळंतपणाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली होती. ह्या सर्व वह्यांना जोडणारा एक धागा तेथे आधीच होता. १९४७ पासून प्रत्येक स्वीडिश माणसाला एक क्रमांक मिळतो, तो जन्मभर बदलत नाही. इस्पितळाची वही, बाळंतपणाची वही, मृत्यूची वही, सगळीकडे तोच क्रमांक. जुलै २००५ पासून औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवर कुणी कोणते औषध नेले तेही ह्याच क्रमांकाखाली लिहिले जाते. सरकारच्या हाती एवढी माहिती असावी काय, हा प्रश्न आपल्या मनात उठणे स्वाभाविक आहे. आमच्याही मनात उठला. तेथील लोकांनी, एकंदरीत पाहता, सरकारवर विश्वास टाकला. त्या विश्वासाची परीक्षा पुढे झाली.

प्रथम हिशेबाची अडचण सांगितली पाहिजे. समजा, एखाद्या औषधाने दहा हजारांत एका माणसाला गंभीर अपाय होतो. बाजारात येण्यापूर्वी औषध बहुधा दोन-चार हजार माणसांवर तपासलेले असते. त्या तपासणीत हा अपाय एकदाही न दिसण्याचाच संभव अधिक. तो निदान एकदा तरी दिसेल अशी बऱ्यापैकी खात्री हवी असेल, तर गणित सांगते की तीस हजार माणसे लागतात. आता पाऊण कोटी वस्तीच्या देशात ते औषध घेणारेच वीस हजार असले, तर दोन रुग्ण दिसतील. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन वेगळे डॉक्टर, आणि दोघेही म्हणणार, मानवले नाही. लहान देशाची वही कितीही स्वच्छ ठेवली तरी पातळच राहते. ती दुसऱ्यांच्या वहीला जोडल्यावाचून गत्यंतर नाही.

अशी जोडणी झाल्याचे एक सुरेख उदाहरण १९७० चे आहे. संततिनियमनाच्या गोळ्यांनी काही स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, असा संशय साठच्या दशकात बळावला होता. ब्रिटनमधील विल्यम इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडील नोंदींबरोबर डेन्मार्क व स्वीडनच्या नोंदीही घेतल्या. स्वीडनतर्फे त्यांत डॉ. बार्ब्रो वेस्टरहोल्म होत्या. तिन्ही देशांचे कागद एकत्र ठेवल्यावर दिसले, की गोळीत इस्ट्रोजेनची मात्रा जितकी अधिक, तितक्या गुठळ्या अधिक. पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक मात्रेच्या गोळ्या त्यानंतर मागे पडत गेल्या. आज जगातल्या कोट्यवधी स्त्रिया जी कमी मात्रेची गोळी घेतात, तिच्या मागे हे तक्ते आहेत. बाई पुढे तेथील राष्ट्रीय आरोग्य मंडळाच्या महासंचालक झाल्या, संसदेतही गेल्या आणि पार उतारवयापर्यंत सार्वजनिक कामात राहिल्या. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. औषधांच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे राहतात, अपायांची यादी ठेवणाऱ्यांची राहत नाहीत. म्हणून हे नाव मुद्दाम लिहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने ह्याच कल्पनेवर १९६८ मध्ये दहा देशांचा एक प्रायोगिक उपक्रम सुरू केला. त्याचे काम प्रथम अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे चालले. नंतर ते जिनिव्हाला आले. परंतु पैसा अपुरा पडू लागला. तेव्हा १९७८ मध्ये स्वीडनच्या सरकारने संघटनेशी करार करून हे सारे दफ्तर आपल्याकडे, उप्साला शहरी, नेले. धोरण जिनिव्हाने ठरवावे, दफ्तर उप्सालाने सांभाळावे, अशी वाटणी झाली. उप्साला हे १४७७ पासूनचे विद्यापीठाचे गाव. वनस्पतींना दुहेरी नावे देणारा लिनियस येथेच शिकवीत असे. सृष्टीतील यच्चयावत् वस्तूंचे वर्गीकरण करू पाहणाऱ्या त्या गृहस्थाच्या गावी जगातील दुष्परिणामांचे वर्गीकरण व्हावे, हा योग गमतीचा खरा.

काम मात्र गमतीचे नव्हते. एकाच औषधाची वीस देशांत वीस नावे; एकाच तक्रारीला दहा शब्द. त्यांचे कोश करावे लागले. मग प्रश्न आला तो ढिगातून नेमके काय उचलायचे, ह्याचा. १९९८ मध्ये तेथील मंडळींनी ह्या कामी संगणकी संभाव्यतागणित लावले. त्याचे मर्म सोपे आहे. समजा, सर्व औषधांच्या एकूण नोंदींत कावीळ शंभरात एकदा येते, आणि एका विशिष्ट औषधाच्या नोंदींत ती शंभरात आठदा येऊ लागली. तर तेथे बोट ठेवायचे. बोट ठेवणे म्हणजे निकाल देणे नव्हे. त्याला ते ‘सिग्नल’ म्हणतात, आणि सिग्नल मिळाल्यावर माणसे बसून एकेक कागद वाचतात. आज ह्या दफ्तरात तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

घरच्या आघाडीवर स्वीडनची कसोटी १९८३ मध्ये लागली. आस्त्रा कंपनीने झिमेलिडीन नावाचे नैराश्यावरील औषध काढले होते. त्यामागे आर्विद कार्लसन यांचे संशोधन होते. पुढे २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळाले, ते मेंदूतील दुसऱ्या कामाबद्दल. औषध नव्या पद्धतीचे, त्या जातीतले पहिलेच, आणि देशाच्या अभिमानाचे. १९८२ मध्ये ते बाजारात आले. थोड्याच काळात डॉक्टरांचे तक्ते येऊ लागले : ताप, सांधेदुखी आणि काही रुग्णांत गियाँ-बारे नावाचा, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा विकार. स्वीडनमध्ये असे तेरा रुग्ण आढळले. तेरा ही संख्या ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु ते औषध घेणाऱ्यांत त्या विकाराचा धोका सुमारे पंचवीसपट वाढल्याचा हिशेब निघाला. १९८३ मध्येच कंपनीने औषध मागे घेतले. वीस वर्षांपूर्वी न्यूरोसेडिन विकणारी हीच कंपनी. ह्या वेळी एका वर्षाच्या आसपास निकाल लागला.

नुकसानभरपाईच्या बाबतीतही स्वीडनने वेगळी वाट धरली. थॅलिडोमाइडच्या मुलांसाठी खटले चालले आणि १९६९ मध्ये तडजोड झाली. त्या अनुभवातून १९७८ मध्ये औषधांचा एक सामाईक विमा उभा राहिला. त्याचे पैसे औषध कंपन्या भरतात, आणि अपाय झालेल्या माणसाला कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. औषधाने अपाय झाल्याचा संभव दाखवणे पुरते. चूक कुणाची, हा प्रश्न बाजूला ठेवला, की डॉक्टर नोंद करायला कमी घाबरतात. आपल्याकडील व्यवहार जाणणाऱ्यास ह्यातली मेख लगेच उमगेल.

एवढे करूनही सारे आलबेल होते असे मुळीच नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश पाहणीत काही इस्पितळांच्या नोंदवह्या तपासल्या गेल्या. जे गंभीर दुष्परिणाम कायद्याने कळवणे बंधनकारक होते, त्यांतले शंभरातले शहाऐंशी कळवलेच गेले नव्हते. कामाचा रेटा, संशयाची खात्री नसणे, ‘हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे’ अशी समजूत, अशी नेहमीची कारणे. रुग्णांनी स्वतः कळवण्याची सरकारी सोय तेथे २००८ मध्ये झाली. शिस्तीच्या देशात ही स्थिती, तर इतरांचे काय सांगावे!

आता विश्वासाच्या परीक्षेविषयी. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली. स्वीडनने आपल्या प्रत्येक रहिवाशाला पुरेल एवढी ‘पँडेमरिक्स’ नावाची लस मागवली आणि ऑक्टोबरपासून टोचण्यास आरंभ केला. स्वतःसाठी नको असली तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रक्षणासाठी घ्या, असे आवाहन होते. लोकांनी ते मानले; सुमारे साठ टक्के जनतेने लस घेतली. फार थोड्या देशांत इतका प्रतिसाद मिळाला. ऑगस्ट २०१० मध्ये स्वीडन व फिनलंड ह्या दोन्ही देशांतील डॉक्टरांकडून एक विलक्षण बातमी आली. लस घेतलेल्या काही मुलांना नार्कोलेप्सी जडली होती. दिवसा वर्गात, जेवताना, चालताना झोप अनावर होणे, हसू आले की गुडघ्यांतले बळ जाऊन खाली कोसळणे, असा हा विकार; एकदा जडला की जन्माचा सोबती. मेंदूतील जागेपण राखणाऱ्या मोजक्या पेशी नष्ट झाल्याने तो होतो.

फिनलंडच्या पाहणीत त्या काळात आजारी पडलेल्या ४ ते १९ वयाच्या ५४ मुलांपैकी ५० जणांनी ती लस घेतलेली होती. लस घेतलेल्या सुमारे सोळा हजार मुलांमागे एक, असे प्रमाण निघाले. स्वीडनने आपल्या वह्या एकमेकींस जोडून पाहिल्या आणि तेथेही वीस वर्षांखालील मुलांत धोका अनेकपट वाढलेला आढळला. जुलै २०११ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने वीस वर्षांखालील मुलांसाठी ह्या लसीचा वापर मर्यादित केला. ज्यांना हा विकार झाला ते बहुतेक एका विशिष्ट जनुकीय ठेवणीचे होते, हेही उघड झाले. म्हणजे आपल्या जुन्या भाषेत, त्यांच्या प्रकृतीस ती मानवली नाही. पण ह्या वेळी वाक्य तेथे थांबले नाही.

थांबले नाही, पण पुढे जाण्यास वेळ लागला, आणि स्वीडनच्या कारभारातील ही उणी बाजू आम्ही झाकणार नाही. सामाईक विम्यातील रकमेला कमाल मर्यादा होती. रुग्णांची संख्या मोठी, आणि पुढे सारे आयुष्य काढायचे. सरकारने सांगितले म्हणून लस घेतली, मग भार सरकारने उचलावा, हे मुलांच्या पालकांचे म्हणणे होते. सरकारी हमीचा कायदा १ जुलै २०१६ रोजी अंमलात आला. त्यानुसार एका व्यक्तीस एक कोटी क्रोनरपर्यंत भरपाई मिळू शकते. २०१० ते २०१६, सहा वर्षे. दहा वर्षांचा मुलगा तेवढ्यात सोळा वर्षांचा झाला. शाळेची वर्षे वर्गात डुलक्या घेत गेली. शेकडो कुटुंबांची ही गोष्ट आहे. काहींचे मत असे, की ही बातमी दाबली असती तर लसींवरचा विश्वास टिकला असता. आम्हांस ते पटत नाही. २०२१ मध्ये कोव्हिडची लस आली तेव्हा स्वीडनमधील प्रौढांपैकी फार मोठ्या बहुसंख्येने ती घेतली. पूर्वीची चूक उघडपणे मोजली गेली होती, हे त्याचे एक कारण असावे.

त्या २०२१ सालीही वह्या उघड्याच होत्या. नॉर्वेत ॲस्ट्राझेनेका लस घेतलेल्या सुमारे एक लाख तीस हजार लोकांपैकी पाच जणांत, तेही आरोग्यसेवकांत, रक्तातील बिंबाणू घटून त्याच वेळी गुठळ्या होण्याचा अनोखा प्रकार डॉक्टरांनी नोंदवला. मार्चमध्ये स्वीडनने ती लस काही दिवस थांबवली आणि नंतर ती ६५ वर्षांवरील लोकांपुरतीच पुन्हा सुरू केली. डेन्मार्कने तिचा वापर बंदच केला. (कंपनीच्या नावातला ‘ॲस्ट्रा’ तोच, १९९९ मध्ये ती ब्रिटिश झेनेकात मिळाली.) हीच लस पुण्यात ‘कोव्हिशिल्ड’ ह्या नावाने तयार झाली, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात तीच गेली. बहुतेकांना ती मानवली. तिने वाचवलेल्या जीवांपुढे हा धोका फार लहान होता. पण तो किती लहान होता हे सांगता येऊ लागले, ते त्या पाच कागदांपासून.

भारत उप्सालाच्या उपक्रमात १९९८ पासून आहे. आरंभीच्या केंद्रांत दिल्ली व अलीगढ यांच्याबरोबर मुंबईचे केईएम रुग्णालय होते, आणि २००५ च्या राष्ट्रीय उपक्रमात नैर्ऋत्य विभागाचे केंद्रही तेथेच ठेवले गेले. तो उपक्रम रेंगाळला. २०१० मध्ये नव्याने मांडणी झाली आणि २०११ पासून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. तेथून नोंदी उप्सालाला जातात.

काही वर्षांपूर्वी आमच्या वहिनींना रक्तदाबाच्या नव्या गोळीने ओठ व जीभ सुजण्याचा त्रास झाला. रात्र कठीण गेली. सकाळी डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. ‘‘हे कुठे कळवायचे असते का?’’ असे आम्ही विचारले, तेव्हा ते सद्गृहस्थ हसले आणि म्हणाले, ‘‘कळवून काय होणार? तुम्हांला मानवली नाही, इतकेच.’’ पुढे चौकशीअंती कळले, की रुग्णाने स्वतः भरून पाठवायचा तक्ता आहे आणि तो मराठीतही आहे. त्यात औषधाचे नाव, ते कधी सुरू केले, त्रास कधी झाला, आता प्रकृती कशी आहे, असे साधे प्रश्न आहेत. आम्ही तो भरायला बसलो तेव्हा वहिनींनी जपून ठेवलेले गोळ्यांचे रिकामे पाकीट आणून दिले. त्यावरचा उत्पादन-क्रमांक वाचण्यासाठी भिंग लागले.